मॅक्रो आणि तक्त्याच्या रेषा

हिशेबाच्या तक्त्यात रेषेलाही अर्थ असतो. बेरजेच्या वर एकेरी आणि अंतिम बेरजेखाली दुहेरी रेषा, हा हाताने लिहिलेल्या खातेवह्यांपासूनचा संकेत आहे. एक्सेलमधील विवरणपत्रात ही दुहेरी रेषा भलत्याच ओळीखाली आली, तर वाचणारा उपबेरजेलाच अंतिम रक्कम समजण्याचा संभव असतो.

असे बहुधा 'रेकॉर्ड मॅक्रो'मुळे घडते. नोंदणीच्या वेळी ४० ओळी निवडलेल्या असल्यास मॅक्रो दरमहा त्याच ४० ओळी आखतो. खाती ५२ झाली की शेवटच्या १२ ओळी रेषांविना राहतात. पडद्यावरील फिकट करड्या रेषांमुळे हे चटकन ध्यानात येत नाही; त्या रेषा मुद्दाम सांगितल्याखेरीज कागदावर छापल्या जात नाहीत. यावर उपाय म्हणजे शेवटची ओळ मॅक्रोलाच शोधावयास लावणे. त्यासाठी खाते क्रमांकासारखा कधीही रिकामा न राहणारा स्तंभ निवडून पत्रकाच्या तळापासून 'एंड' व 'एक्सएलअप' यांनी वर यावे. तळ म्हणून ६५,५३६ हा आकडा न लिहिता 'रोज डॉट काउंट' लिहावे, कारण २००७ च्या आवृत्तीपासून नव्या स्वरूपाच्या पत्रकात १०,४८,५७६ ओळी असतात.

क्रमही महत्त्वाचा. शीर्षकाखालच्या भागातील जुन्या रेषा 'लाइनस्टाइल'ला 'एक्सएलनन' देऊन प्रथम पुसाव्यात, मग संपूर्ण तक्त्यास बारीक रेषा द्यावी आणि दुहेरी रेषा सर्वांत शेवटी आखावी. येथेच एक खोच आहे. 'एक्सएलडबल' दिल्यानंतर 'वेट'मध्ये 'एक्सएलथिन' लिहिले, तर दुहेरी रेषा निमूटपणे एकेरी होते. त्या ओळीसाठी 'वेट' न लिहिणेच श्रेयस्कर.

रेषा आहे की नाही हे तपासून मगच आखणारे मॅक्रोही फसतात. निवडलेल्या भागात रेषा मिश्र असतील, तर 'लाइनस्टाइल' कोणताही प्रकार न सांगता 'नल' परत करते आणि तुलनेची अट पूर्ण होत नाही. सरसकट पुसून पुन्हा आखणे अधिक सोपे. इतर पत्रकातील आकडे आणताना 'पेस्ट स्पेशल'मधील 'व्हॅल्यूज' वापरल्यास तेथील रेषा सोबत येत नाहीत.

मॅक्रोने केलेला बदल 'अनडू'ने मागे घेता येत नसल्यामुळे पहिली चाचणी फाइलच्या प्रतीवरच घ्यावी.