एकाच प्रतीचे साप्ताहिक

प्रागच्या उत्तरेस टेरेझिन नावाचे जुने तटबंदीचे गाव आहे. १९४१च्या नोव्हेंबरापासून नाझी राजवटीने तेथे ज्यू कुटुंबांना कोंडण्यास आरंभ केला. उपासमार, रोगराई आणि पूर्वेकडील छावण्यांत धाडावयाच्या माणसांच्या याद्या, हेच तेथील जीवन होते. मुलांना शिकविण्यासही बंदी होती.

या गावातील पूर्वीच्या शाळेच्या एका खोलीत, तीनमजली फळ्यांच्या खाटांवर, तेरा ते पंधरा वर्षांची सुमारे चाळीस मुले राहत. त्यांचे पालक-शिक्षक वाल्टर आयसिंगर दाराशी पहारा ठेवून शिकवीत. पेट्रोग्राडमधील निराधार मुलांच्या, दस्तयेवस्कीचे नाव दिलेल्या शाळेची हकीकत मुलांनी त्यांच्याकडून ऐकली आणि त्या शाळेच्या नावातील अक्षरे घेऊन आपल्या खोलीचे गुप्त ‘श्किद प्रजासत्ताक’ स्थापिले. त्याला ध्वज होता, गीत होते, मुलांचे स्वतःचे शासन होते.

डिसेंबर १९४२मध्ये या प्रजासत्ताकाचे साप्ताहिक निघाले. नाव ‘वेदेम’. आपल्या वेदांशी त्याचा संबंध नाही. या चेक शब्दाचा अर्थ ‘आम्ही आघाडीवर आहोत’. संपादक पेत्र गिंझ अवघा चौदा वर्षांचा. मजकूर कमी पडला की तो स्वतःच लिही. घरून आलेल्या पुडक्यातील खाऊ देऊन आळशी लेखकांना लिहिते करी. (संपादकांची ही अडचण सर्वत्र सारखीच!) अंकाची प्रत एकच, शुक्रवारी सायंकाळी सर्वांनी जमून ती मोठ्याने वाचावयाची.

अंकांत कविता होत्या, एकमेकांची यथेच्छ थट्टाही होती. परंतु हा आसरा डोळे मिटून घेण्याचा नव्हता. ‘टेरेझिनमधील भटकंती’ या सदरासाठी मुले बेकरीत गेली, अग्निशामक दलाकडे गेली, तशीच प्रेते जाळण्याच्या भट्टीकडेही गेली आणि जे पाहिले ते लिहून आली.

१९४४च्या उन्हाळ्यात अंक थांबले. सप्टेंबरात पेत्रला ऑशविट्झला नेण्यात आले. सोळाव्या वर्षी तेथे त्याचा अंत झाला. आयसिंगरही परतले नाहीत. त्या खोलीत राहून गेलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराएक वाचली. मागे उरलेल्या एका मुलाचे वडील लोहारकाम करीत. त्याने ते अंक लोहारशाळेत पुरून ठेवले आणि १९४५मध्ये सुटका झाल्यावर उकरून काढले. ती सुमारे आठशे पाने होती. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी सरकारने त्यांच्या प्रकाशनास परवानगी दिली नाही. १९७०नंतरच्या दशकात त्यातील मजकुराच्या टंकलिखित प्रती प्रागमध्ये पुन्हा गुपचूप हातोहात फिरत होत्या.