मोटारीचा कल आणि तोल : स्टॅबिलायझर दांडीविषयी थोडेसे

या स्मरणिकेत आम्ही आजवर धान्याची साठवणूक, तोलमाप व बाजाराचे नियम यांविषयीच लिहीत आलो. या खेपेस विषय निराळा आहे. आज आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी मोटार आहे आणि घरातील तरुण मंडळींना ती अधिक चपळ करून घेण्याची हौस आहे. गतवर्षी आमच्या घरीच असा प्रश्न उभा राहिला. त्या निमित्ताने मोटारीखालील एका साध्या पोलादी दांडीची जी माहिती आम्ही मिळविली, ती सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यंत्रशास्त्राची परिभाषा शक्य तितकी टाळून हिशेबाच्या भाषेतच लिहितो.

प्रसंग असा घडला. कार्तिकी पौर्णिमेनंतर आम्ही सहकुटुंब नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्री निघालो. मोटार सात जणांची, छतावरील कॅरिअरवर सामान, चालविणारा आमचा पुतण्या. वघईपर्यंत प्रवास सुखाचा झाला. सापुताऱ्याचा घाट लागताच मात्र गाडी प्रत्येक वळणावर बाहेरच्या अंगास कलू लागली. एका वळणावर समोरून बस आली म्हणून पुतण्याने स्टेअरिंग झटकन फिरविले. तोच गाडी आधी एका अंगास व लगेच दुसऱ्या अंगास अशी झुलली की डावीकडची चाके रस्ता सोडून मातीत उतरली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. परंतु मागे बसलेल्या आमच्या वृद्ध मातोश्री पुढे नाशिक येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

वडोदऱ्यास परतल्यावर पुतण्या एका कारखान्यात चौकशी करून आला व म्हणाला, “काका, मागच्या बाजूस जाड स्टॅबिलायझर दांडी घातली की गाडी झुकायची नाही. एका दिवसाचे काम आहे.” आम्ही विचारले, “झुकायची नाही हे ठीक; पण तो भार जाईल कोठे?” या प्रश्नाचे उत्तर ना त्याच्यापाशी होते, ना त्या कारखान्यात. म्हणून आम्हीच शोध घेतला.

प्रथम ही दांडी म्हणजे काय ते पाहू. हिला अँटी-रोल बार किंवा स्वे बार असेही म्हणतात. ही इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची पोलादी दांडी गाडीखाली आडवी बसविलेली असते. तिचा मधला भाग दोन रबरी बुशांतून गाडीच्या सांगाड्यास धरलेला असतो, आणि दोन टोके लहान लिंकांनी डाव्या व उजव्या चाकाच्या आधारास जोडलेली असतात. दोन्ही चाके एकाच वेळी वर उचलली गेली, तर दांडी बुशांत नुसती फिरते; ती काहीच विरोध करीत नाही. परंतु वळणावर बाहेरची स्प्रिंग दबते व आतली मोकळी होते. अशा वेळी दांडीचे एक टोक वर व दुसरे खाली जाऊ लागते आणि तिला पीळ पडतो. पिळास पोलाद विरोध करते. तो विरोध म्हणजेच गाडीच्या कलण्यास लागलेला लगाम होय. कल्पना जुनी आहे. कॅनडातील स्टीफन कोलमन यांस १९१९ साली अशा दांडीचे पेटंट मिळाले होते.

आता तिच्या जाडीचा हिशेब पाहा. आमच्या धंद्यात माल दहा टक्के वाढला तर वजनही दहा टक्केच वाढते. येथे तसे नाही. भरीव दांडीचा पिळास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. वीस मिलिमीटरच्या जागी बावीस मिलिमीटरची दांडी घातली, तर जाडी वाढते दहा टक्के आणि ताठपणा वाढतो सुमारे शेहेचाळीस टक्के. चोवीस मिलिमीटरची घातली, तर ताठपणा दुपटीहून थोडा अधिक होतो. डोळ्यांस जो फरक जेमतेम दिसतो, तो रस्त्यावर एवढा मोठा ठरतो.

यापुढील मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकंदर किती भार सरकावा, हे गाडीचा वेग, वळणाचा बाक, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील रुंदी यांवर ठरते. दांडी तो भार जवळजवळ मुळीच कमी करीत नाही. ती एवढेच ठरविते की, सरकलेल्या भारातील किती वाटा पुढच्या जोडीने उचलावा व किती मागच्या जोडीने. म्हणजे ही दांडी नवी रक्कम जमा करीत नाही. एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्यावर घालते.

आणि टायरचा स्वभाव असा की, त्यावर भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. थोडी कमीच पडते. त्यामुळे ज्या जोडीची दांडी अधिक ताठ, त्या जोडीचे टायर आधी घसरू लागतात. पुढची दांडी फार ताठ असेल, तर गाडीचे तोंड वळणाबाहेर जाऊ पाहते. तेव्हा सामान्य चालक घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो आणि बहुधा निभावते. मागची फार ताठ केली, तर मात्र गाडीची पाठ बाहेर फिरते. अशा वेळी घाबरून पाय उचलला तर ती अधिकच फिरते. पुढच्या चाकांस इंजिनाची ओढ असलेल्या गाड्यांत मागची दांडी थोडी जाड केल्यास गाडी वळणात अधिक तत्परतेने शिरते, हे खरे. पण तो लाभ कोरड्या रस्त्यावरचा व कसलेल्या हाताचा आहे. पावसात, घरची मंडळी घेऊन निघालेल्या गृहस्थाने तो व्यवहार करू नये.

या दांडीचे मोल दाखविणारे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६० सालचे मॉडेल म्हणून शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेअर मोटार निघाली. तिचे इंजिन मागे होते आणि पुढे ही दांडी दिलेली नव्हती. पुढच्या टायरांत हवा बरीच कमी व मागच्यांत अधिक ठेवूनच तिचा तोल राखावा, अशी कंपनीची अपेक्षा होती. सामान्य गिऱ्हाईक ते कोठले पाळणार? १९६४ सालच्या गाडीत पुढची दांडी बसविण्यात आली. १९६५ साली रॅल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकात या गाडीवर कठोर टीका केली, आणि पुढच्याच वर्षी तेथे मोटार-सुरक्षिततेचा कायदा झाला. १९७२ साली एका सरकारी पाहणीने ही गाडी तत्कालीन इतर गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हती, असाही निर्वाळा दिला. निर्णय कोणताही माना. तोल केवळ गिऱ्हाइकाच्या सावधपणावर सोडणे हा चोख व्यवहार नव्हे, हे त्यातून दिसते.

असो. आमच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. पूर्वी आमच्या पेढीचे ट्रक सांभाळणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे आम्ही ती नेली. त्याने गाडी वर उचलून दांडी हाताने हलवून दाखविली. रबरी बुश तडकलेले होते आणि एका लिंकेचा सांधा ढिला पडला होता. कारखान्याने दिलेली दांडी जागेवर होती. परंतु गाडी बरीच कलेपर्यंत ती कामास लागत नव्हती. शिवाय छतावरच्या सामानाने गुरुत्वमध्य वर गेला होता आणि मागच्या टायरांत हवा कमी होती. हाथीखान्यात उंच थप्पी लादलेला टेम्पो वळताना पाहून ज्यांनी हमालांना शेकडो वेळा टोकले, त्या आम्हांस स्वतःच्या छतावरचे ओझे दिसले नाही, याची लाज वाटली. बुश व लिंका बदलल्या, कॅरिअर उतरविला, हवा नियमाप्रमाणे भरली. फाल्गुनात त्याच घाटाने पुन्हा गेलो. गाडी वळणावर कलली, पण झुलली नाही. मातोश्री पुढच्या सीटवर बसल्या होत्या व वाटेत बोलत होत्या. जाड दांडीचा विषय पुतण्याने पुन्हा काढला नाही.

सभासदांस आमच्या सूचना येणेप्रमाणे आहेत. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना खालून खटखट आवाज येऊ लागला, तर आधी बुश व लिंका तपासाव्यात. लिंका दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात, आणि दोन्ही चाकांवर सारखा भार असतानाच शेवटचा कस द्यावा; नाहीतर दांडीस आधीच पीळ राहतो. जाड दांडी घालायचीच असेल, तर त्या गाडीसाठीच बनविलेली, एका पायरीने जाड, एवढीच घालावी. काही जुन्या गाड्यांत हीच दांडी चाकास जागेवर धरून ठेवण्याचेही काम करते. तेथे तर हात लावू नये. फार ताठ दांडीमुळे एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकासही जाणवतो, हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते सर्वांच्या परिचयाचे आहेत.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतील फेरफारांविषयी आहे, आणि नोंदणीतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून भिन्न होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणून कोणताही फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे व विमा कंपनीस लेखी कळवावे.

आपण व्यापारी. नवा माल भरण्यापूर्वी वखारीतला जुना साठा मोजण्याची आपली रीत आहे. मोटारीच्या बाबतीतही तीच रीत पाळावी, एवढीच विनंती.