ज्योत रुसली की आधी जेट पाहा

शेगडी मंद पेटू लागली की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी एकच निदान होतं : आज गॅसला प्रेशर नाही. तसं कधी घडतंही. नोव्हेंबर 2025 मध्ये चेंबूरच्या आरसीएफ आवारात गेलच्या मुख्य वाहिनीचं नुकसान झालं आणि महानगर गॅसच्या वडाळा केंद्राकडे येणारा गॅस घटला. सीएनजीसाठी रिक्षांच्या रांगा लागल्या. स्वयंपाकघरांना मात्र प्राधान्य मिळालं. एरवी रोजच्या तक्रारीचं मूळ बहुधा ओट्यावरच सापडतं.

परीक्षा सोपी आहे. सगळे बर्नर पेटवून पाहायचे. एकच कुरकुरत असेल तर पुरवठ्याला दोष देण्यात अर्थ नाही. सगळेच मंद असतील तर व्हॉल्वचा दांडा पाइपच्या रेषेत, म्हणजे पूर्ण उघडा आहे का आणि नळी शेगडीमागे दुमडली तर नाही ना, ते पाहावं. शेजारीही तेच रडगाणं असेल, तर मात्र गॅस कंपनीला फोन.

बर्नरखाली पितळेचा जेट असतो. त्याच्या बारीक भोकातून गॅस वेगाने सुटतो आणि वाटेत हवा ओढून घेतो. दोन्ही मिसळून वर येतात तेव्हा ज्योत निळी राहते. उतू गेलेलं दूध बर्नरची भोकं बुजवतं, जेटमध्ये कचरा अडकला तर ज्योत खुजी होते, आणि हवेच्या वाटेत जळमट साचलं की ती पिवळी पडून पातेल्याला काजळी धरते.

रॉकेलच्या स्टोव्हवर वाढलेली पिढी अशा वेळी लगेच पिन शोधते. पण ती पिन निपलच्या मापाचीच बनवलेली असे. शिवणाची सुई जेटमध्ये खुपसली की मऊ पितळाचं भोक रुंदावतं, आणि ते पुन्हा लहान होत नाही. जेट बदलणंच बरं.

उपनगरांत खरा घोळ होतो तो पुनर्विकासात. घाटकोपर-बोरिवलीतली जुनी सोसायटी पाडली की कुटुंब भाड्याच्या घरात जातं. तिथे पाइप नसेल तर सिलिंडर येतो, शेगडी तीच राहते. दोन्ही इंधनांची जात मात्र वेगळी. पाइपमधला गॅस मुख्यतः मिथेन. तो शेगडीपाशी साधारण 21 मिलिबार दाबाने येतो. सिलिंडरचा एलपीजी, म्हणजे प्रोपेन-ब्यूटेन, 30 च्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत मिथेनच्या अडीचपट किंवा त्याहूनही जास्त उष्णता असते. म्हणून पाइपच्या गॅसचा जेट मोठ्या भोकाचा लागतो. तो तसाच ठेवून सिलिंडर जोडला तर ज्वाला भडकते, काजळीही येते. उलट, नव्या टॉवरमध्ये परतल्यावर एलपीजीचे जेट राहिले तर कुकरची शिट्टी होता होत नाही, आणि खापर पुन्हा प्रेशरवर!

जेट बदलणं हे जाणत्या मेकॅनिकचं काम आहे. त्यानंतर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून पाहावं. काडी ओढून गळती शोधण्याची जुनी खोड जिवावर बेतू शकते. बुडबुडे दिसले तर व्हॉल्व बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणांना हात नाही, आणि आपत्कालीन क्रमांकावरचा फोन घराबाहेर जाऊनच.