जुनी गाडी घेताय? आधी तिची पूर्वकथा विचारा!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून, उजेडात धरून बघतो. मग घरात जुनी मोटार येते, तेव्हा आपण फक्त हळदकुंकू वाहायलाच का पुढे होतो?

दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी एका दलालाकडे गाडी पसंत केली. रंग चकचकीत, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. "अहो, एवढी स्वस्त कशी?" असं मी विचारलं, तर "तुला गाड्यांतलं काय कळतं!" हे ठरलेलं उत्तर. आत बसले तर अत्तराचा नुसता घमघमाट! पण त्याच्याखालून दमट वास येत होता. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे घडी करून ठेवले की येतो ना, तस्साच. पायाखालचं जाजम उचललं, तर वाळलेला चिखल आणि सीटच्या बोल्टांना गंज. गाडी पुरात बुडालेली होती.

अशा गाड्या बाजारात येतात कशा? गाडी अपघातात चेपली किंवा पुरात बुडाली आणि दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते. दुरुस्तीऐवजी मालकाला गाडीचीच भरपाई मिळते आणि मोडकी गाडी भंगाराच्या भावात विकली जाते. इथवर सारं रीतसर. पण गाडीबरोबर तिचं आर.सी. बुकही गेलं, की घोटाळ्याला वाट मिळते. कुणी वरवर डागडुजी करून, रंग मारून ती विकतो. कुणी त्याच मॉडेलची चोरीची गाडी आणून तिच्यावर भंगारातल्या गाडीचा चासी नंबर ठोकतो. कागद खरे, गाडी चोरीची! पोलीस दारात आले की गाडीही जाते आणि पैसेही.

आणि प्रश्न काही पैशांपुरता नाही. पाण्यात बुडालेल्या वायरी आतून कुजत राहतात आणि महिनोन्‌महिन्यांनी दगा देतात. वाकलेला सांगाडा नुसता ठोकून सरळ केला, तर पुढच्या धडकेत तो आतल्या माणसांना वाचवीलच असं नाही. मागच्या सीटवर आपली मुलं असतात हो!

कायदा नाही असं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आर.टी.ओ.ला कळवून आर.सी. परत करायचं असतं. मग नोंदणी रद्द होते. पण "दुरुस्त होईल की" असं म्हटलं, की ती 'कायमची निकामी' राहतच नाही! ब्रिटनमध्ये २०१७ पासून अशा गाड्यांचे ए, बी, एस, एन असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गातली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीच नाही. एस म्हणजे सांगाड्याला इजा झालेली, पण दुरुस्त होण्याजोगी. आपल्याकडेही असा वर्ग आर.सी.वरच छापला, तर निम्मं काम होईल असं मला वाटतं.

तोवर आपणच जरा डोळस व्हावं. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाला चिखलाचा डाग सापडतो. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझायला हवा. तो लागलाच नाही, तर एअरबॅग जागेवर आहे की नुसतं झाकण बसवलंय, हे मेकॅनिककडून बघून घ्या. चासी नंबर आर.सी.शी ताडून पाहताना घासल्याच्या खुणा आहेत का तेही त्याला पाहायला सांगा. आणि विक्रेत्याची विम्याची पॉलिसी मागाच. ओळीने पाच वर्षं भरपाई मागितली नसेल, तर 'नो क्लेम बोनस' ५० टक्के असतो. जुन्या मालकाच्या जुन्या गाडीवर तो शून्य दिसला, तर का, ते सरळ विचारा. उत्तर देताना माणूस कसा चुळबुळतो, तेही बघा.

आम्ही ती गाडी घेतली नाही. हे आठवडाभर गप्प गप्प होते. पंधरा दिवसांनी त्या रस्त्याने गेलो, तर दलालाच्या दारातून ती गाडी गेलेली होती. त्याच किमतीला गेली म्हणे.