ढवळण्यातही शास्त्र आहे

लिक्विड साबण, फिनेल, रंग, मसाला, अत्तर, युनानी माजून. आपल्या बांधवांच्या अशा कितीतरी धंद्यांत मुख्य काम एकच: दोन-चार जिन्नस एकजीव करणे. ते बहुधा हाताच्या अंदाजाने चालते. बादलीत केलेला माल उत्तम उतरतो; मागणी वाढली म्हणून तोच पिंपात केला की बिघडतो, आणि दोष कच्च्या मालावर जातो. आमच्या मते पुष्कळदा दोष ढवळण्याचा असतो. तो कसा शोधावा हे केमिकल इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत शिकवतात.

हे शिक्षण आपल्या अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यातच मिळते. लोणीचे प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघाले; तेथे ही शाखा आहे. जवळच विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना आहे, पहिला हंगाम १९५०-५१ चा. साखर करताना उसाच्या रसात चुन्याचे दूध मिसळतात. ते सारखे पसरले नाही तर चुना जास्त झालेल्या जागी रस काळवंडतो आणि कमी पडलेल्या जागी मळी नीट बसत नाही. म्हणजे एकाच टाकीत दोन नुकसाने.

प्रयोगाला काचेचे गोल भांडे घेतात, मध्ये फिरती पाती. वेग वाढवताच पाण्यात भोवरा पडतो. पाहणाऱ्याला वाटते, मिसळणे जोरात चालले आहे! प्रत्यक्षात सारे पाणी एकसाथ गोल फिरते, वरचे खाली होतच नाही. मग भांड्याच्या आत चार उभ्या पट्ट्या लावतात. त्यांना बॅफल म्हणतात. रुंदी भांड्याच्या व्यासाचा दहावा ते बारावा भाग. भोवरा मोडतो, पाणी वरखाली होऊ लागते. पात्याचा व्यास भांड्याच्या व्यासाच्या एक तृतीयांश आणि तळापासून तेवढीच उंची, हे नेहमीचे माप.

साबणवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. भोवरा हवा ओढतो, मालात फेस भरतो. डबा काठोकाठ दिसतो, पण फेस बसला की पातळी उतरते आणि गिऱ्हाइकाला नकळत कमी माल जातो. मापात कमी देण्याविषयी आपल्या दीनची ताकीद किती सक्त आहे, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

माजून किंवा दाट पेस्टची गोष्ट वेगळी. छोटे पाते तेथे फक्त आपल्याभोवतीचा माल हलवते. त्याला भांड्याच्या कडेपर्यंत पोचणारे रुंद, सावकाश फिरणारे पाते लागते.

पातळ मालात वेग दुप्पट केला की मोटारीवरचा भार साधारण आठपट होतो. पुली बदलून वेग वाढवणाऱ्यांच्या मोटारी जळतात त्या यामुळे. वीस लिटरचे भांडे सोडून त्याच आकाराचे एकशे साठ लिटरचे घेतले तर लांबी-रुंदी दुप्पटच होते, पण पातेही दुप्पट करून वेग तोच ठेवला तर भार बत्तीसपट! शिवाय माल आठपट झाला तरी भांड्याची बाजू चौपटच वाढते, म्हणून गरम माल निवायला जास्त वेळ घेतो. बादलीचा हिशेब पिंपाला लागू पडत नाही तो असा.

मिसळले की नाही हे पाहायला प्रयोगशाळेत अल्कलीने गुलाबी केलेल्या पाण्यात आम्ल ओतून रंग जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. आपल्याकडे हळद आहे. पिंपात साधे पाणी घ्यावे, थोडी हळद टाकावी, चुन्याची निवळी घालून ते तांबडे करावे. ढवळणे चालू ठेवून लिंबाचा रस किंवा सिरका एकाच जागी ओतावा, गरजेपेक्षा जरा जास्तच. सगळे पिवळे व्हायला किती वेळ लागला ते घड्याळावर बघावे. तळाचे पाणी तोटीतून काढून पाहावे. तेथे तांबडे राहिले असेल तर पाते खाली न्यावे लागेल.

कोरड्या मसाल्याची गंमत अशी की जास्त वेळ फिरवणे नेहमीच चांगले नसते. बारीक आणि जाड कण आधी मिसळतात, मग पुन्हा वेगळे होऊ लागतात. मिक्सरच्या चार कोपऱ्यांतून दर पाच मिनिटांनी चिमूटभर नमुने घ्यावेत, मिठाची चव आणि रंग सारखा लागला की यंत्र बंद करावे. पोती टेम्पोतून हिंदकळत गेली तर बारीक पूड तळाला बसते. म्हणून पाकिटे भरून मगच माल पाठवावा.