वायर कापण्यापूर्वी

मी मूळचा साताऱ्याचा. सुट्टीत सांगलीतल्या एका कंपनीत ट्रेनिंगला होतो. पहिलंच काम मिळालं टेलिफोन रूममधला वायरींचा गुंता आवरायचं.

एक जोडी कुठे जाते तेच कळेना. बंद असेल म्हणून मी ती कापली. ती निघाली गेटवरच्या वॉचमनची! रात्रपाळीत कोणाला लागलं, तर अॅम्ब्युलन्ससाठी गेट उघडायला सांगायचं ते याच फोनवरून. नशीब, तासाभरात लक्षात आलं.

मग तिथल्या वायरमनकाकांनी शिकवलं. आधी मीटर लावायचा. रिसीव्हर ठेवलेला असताना चालू लाईनवर साधारण २४ ते ४८ व्होल्ट डीसी दिसतात. शून्य दिसलं तरी दोन्ही टोकं सापडल्याशिवाय कापायचं नाही.

रंग पाठ करायचे. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा यांच्या जोडीला निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. पाच गुणिले पाच, म्हणजे २५ जोड्या. जोडीचा पीळ गरजेपुरताच उघडायचा, नाहीतर दुसऱ्याचं बोलणं आपल्या फोनवर!

नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट पावसाळ्यात ओल धरतो, गंजतो आणि फोन खरखरतो. त्यासाठी जेलीवाला कनेक्टर. वायर न सोलता आत सारायची आणि पक्कडीने दाबायचं. जेली ओल आत येऊ देत नाही.

शेवटी त्या जोडीला 'गेट – वॉचमन' अशी पट्टी मीच बांधली. कॉन्व्हेंटवाल्याचं शुद्धलेखन मात्र काकांनी तपासलं!