अडतीस फुटांची नौका आणि चार पानांची यादी

आदिलाबादेत राहून शिडाच्या नौकेवर लेख लिहावा, हे वाचकांना विचित्र वाटेल. पैनगंगेला पूर आला तरच आपल्याकडे पाण्याची चर्चा होते. परंतु हैदराबादेस वैद्यकीय शिक्षण घेत असताना हुसेनसागरावर शिडाची होडी चालविण्याचा नाद मला आणि माझ्या एका वर्गमित्राला लागला. मी भूलतज्ज्ञ होऊन गावी परतलो. तो अस्थिरोगतज्ज्ञ होऊन मुंबईस स्थायिक झाला व पुढे त्याने २६ फुटी नौका घेतली. गेल्या दिवाळीत, निवृत्तीच्या निमित्ताने, त्याने ३८ फुटी नौका घेण्याचे ठरविले आणि तिच्यासाठी घ्यावयाच्या साधनांची चार पानी यादी मला पाठविली. खाली लिहिले होते, ‘अरे, तुझा यंत्रांवर विश्वास नाही, म्हणून खुणा तूच कर.’

त्या नौकेतून तो आणि वहिनी, असे दोघेच मुंबईहून कोचीपर्यंत जाणार होते. त्याचे वय ६३, वहिनींचे ६१.

मोठी नौका म्हणजे लहान नौकेचीच ऐसपैस आवृत्ती, असा आपला समज असतो. हिशेब निराळा आहे. २६ चे ३८ फूट झाले म्हणजे लांबी दीडपटीच्या आतच वाढली. पण घाट तोच धरला तर शिडाचे क्षेत्रफळ दुपटीहून अधिक होते आणि वजन तिप्पट. वेग मात्र पाण्यात टेकलेल्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे २० टक्के. जो नांगर तो हाताने ओढून काढीत असे, तो आता त्याच्या पाठीला झेपणार नाही. म्हणून नांगराच्या विजेवरील विंचला मी पहिली खूण केली. अस्थिरोगतज्ज्ञाला मणक्यावर व्याख्यान देण्याची संधी सोडवली नाही!

पुढील खुणा करताना माझ्यासमोर ‘म्हादेई’ होती. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या ध्यासातून भारतीय नौदलाची ही ५६ फुटी नौका साकारली. आराखडा डच, बांधणी गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. २००९ च्या फेब्रुवारीत ती नौदलात आली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली व केपटाऊन असे चार थांबे घेऊन ते मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौकेची बांधणी चालू असतानाच त्यांनी तिची ओळख करून घेतली होती. पुढे नौदलाला दुसरी नौका हवी झाली, तेव्हा त्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात ‘तारिणी’ बांधली गेली. नव्या मोहापेक्षा पारखलेले घेणे मला वैद्यकीदृष्ट्याही पटते.

यादीत सर्वांत महाग ऑटोपायलट होता. त्याला मी खूण केली, पण शेजारी वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र स्वतःच्या हाताने लिहिले. त्यात वाऱ्याने कललेले पाते पाण्यातील दुसऱ्या पात्याला वळविते आणि पाण्याचा जोर दोरांमार्फत सुकाणू फिरवितो. वीज लागत नाही. २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत आधुनिक ऑटोपायलटला मनाई होती. त्या शर्यतीत अभिलाष टॉमी यांचे असे यंत्र मोडले, तेव्हा त्यांनी शौचालयाच्या दाराची फळी कापून दुरुस्ती केली आणि दुसरा क्रमांक मिळविला. हेच टॉमी २०१८ च्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून, पाठीचा कणा दुखावून, तीन दिवस नौकेत पडून राहिले होते. आदिलाबादेत वीज जाताच व्हेंटिलेटर सोडून हाताने पिशवी दाबलेल्या भूलतज्ज्ञाला त्या फळीचे मोल सांगावे लागत नाही. मात्र कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी वारा पडतो व इंजिन चालवावे लागते. तेव्हा वाऱ्याचे यंत्र निरुपयोगी. म्हणून दोन्ही.

डोलकाठीच्या पोटात गुंडाळले जाणारे शीड मी खोडले. ते मध्येच अडकले तर ना उतरते, ना गुंडाळते. त्यापेक्षा दोर ओढून टप्प्याटप्प्याने लहान करता येणारे साधे शीड बरे. वातानुकूलन खोडले, कारण त्यापायी जनित्र, जनित्रापायी डिझेल, आणि दोहोंपायी मेकॅनिक. ऑटोपायलट, शीतपेटी, दिवे व उपकरणे मिळून दिवसाला साधारण १७५ अँपिअर-तास लागतील. एवढी वीज सौरपट्ट्या आणि अधूनमधून चालणारे इंजिन सहज देतील. जहाजांची ओळख देणारी एआयएस यंत्रणा अवश्य घ्यावी. पण मच्छीमारांची प्रत्येक होडी तीत दिसत नाही आणि जाळी तर मुळीच नाहीत, हेही लिहिले. नौकेचे नाक आडवे वळविणारी मोटर घ्यावी की नाही, यावर आमचे दूरध्वनीवर दोनदा भांडण झाले. तो प्रश्न मी त्याच्या खिशावर सोडला.

यादी परत पाठविली. दोन दिवसांनी वहिनींचा दूरध्वनी आला.

“भाऊजी, सगळं वाचलं. एक विचारू? हे पाण्यात पडले तर मी एकटीनं यांना वर कशी घेऊ?”

मी गप्प राहिलो. मित्राचे वजन ८४ किलो. लहान नौकेचा काठ पाण्याजवळ होता. मोठ्या नौकेचा काठ उंच असतो, म्हणजे नौका वाढली तशी ही अडचणही वाढली होती. चार पानांत तिच्यावर एक ओळ नव्हती, आणि माझ्या खुणांतही नव्हती. रुग्ण कोसळल्यावर हाताशी कोण व काय असेल, हा माझ्या व्यवसायातील पहिला प्रश्न, आणि तो मला सुचला नाही.

मग यादी नव्याने झाली. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ताणलेले पट्टे, त्यांत अडकवावयाचा कमरपट्टा, पाण्यात फेकावयाचे दोराचे कडे, मागील बाजूस उतरणारी शिडी, आणि शीड चढविण्याच्या दोरास जोडावयाची कप्प्यांची माळ, जिने वहिनींच्या हातांची ताकद चौपट होईल. या साऱ्यांचा खर्च वातानुकूलनाच्या मानाने किरकोळ निघाला.

डिसेंबरात मी मुंबईस गेलो. बंदरातील शांत पाण्यात मित्र जॅकेट घालून उतरला व मुद्दाम अंग सैल सोडून तरंगत राहिला. वहिनींनी कडे फेकले, कप्पी लावली, विंच फिरविली. पहिल्या खेपेस २३ मिनिटे लागली आणि दोर गुंतला. चौथ्या खेपेस ९ मिनिटे. मी घड्याळ घेऊन बसलो होतो; हात लावण्याची मला परवानगी नव्हती. पाचव्या खेपेला त्या म्हणाल्या, “आता रात्री करून बघू.”